यंत्रमानव सगळ्यांना हवा होता: एका मेक्सिकन लॉबी कार्डाचं प्रकरण

माझा भाचा टेक्सासमध्ये सान अँटोनिओला राहतो. तिथे शनिवार-रविवारी जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. मेक्सिकन लोक त्याला ‘ला पुल्गा’ म्हणतात. पुल्गा म्हणजे पिसू. अशाच एका बाजारातून त्यानं मला दोन फोटो पाठवले आणि खाली लिहिलं, “मामा, हे तुझ्या कामाचं आहे का? यातलं कुठलं घेऊ? दोन्ही घ्यायचा विचार नाहीये.”

दोन्ही फोटो जुन्या सिनेमाच्या लॉबी कार्डांचे होते. थिएटरच्या दर्शनी भागात, तिकीटखिडकीच्या आसपास टाचण्यांनी लावायची ती रंगीत कार्डं. सिनेमा एकच, ‘ला नावे दे लोस मोन्स्त्रुओस’, मेक्सिको, १९६०. नावाचा अर्थ ‘राक्षसांचं यान’. पहिल्या कार्डावर पत्र्याच्या पेटीसारखा यंत्रमानव आणि चमचमत्या तोकड्या पोशाखातल्या दोन देखण्या बायका. दुसऱ्यावर गुत्त्यात उभा असलेला एक मिशीवाला गडी. डोक्यावर रुंद काठाची टोपी, हात हवेत, आणि समोरची माणसं त्याच्याकडे कंटाळून बघतायत. पहिल्याची किंमत दुसऱ्याच्या चौपट सांगितली होती.

“घाई करू नकोस,” मी त्याला कळवलं. पुढचे दोन तास आम्ही फोनवर जे केलं त्याची ही नोंद. एखाद्या अनोळखी भाषेतल्या, फारशा कुणी न पाहिलेल्या जुन्या विनोदी सिनेमाचा कागद लोक का जमवतात, त्यात नेमकं काय जमवलं जातं आणि काय हातून निसटतं, हे या दोन कार्डांवरून जितकं स्पष्ट दिसलं तितकं मला आधी कधी दिसलं नव्हतं.

सिनेमा काय आहे?

शुक्र ग्रहावरचे पुरुष संपलेत. तिथली राज्यकर्ती गामा नावाच्या सुंदरीला विश्वात फिरून उत्तमोत्तम नर गोळा करून आणायला पाठवते. सोबतीला युरेनसची बेता आणि तोर नावाचा यंत्रमानव. त्या एकेका ग्रहावरून नमुने उचलतात. एक मंगळाचा राजपुत्र तागुआल, त्याचा मेंदू कवटीबाहेर आलेला. एक एका डोळ्याचा धिप्पाड प्राणी, एक सुळेवाला, आणि एक नुसता हाडांचा सापळा, ज्याच्या जमातीनं मांस कधीच टाकून दिलंय. हे चौघं यानात गोठवून ठेवलेले. मग यान बिघडतं आणि उतरतं ते थेट मेक्सिकोच्या उत्तरेत, चिवावाच्या माळरानावर. तिथे त्यांना भेटतो लाउरेआनो. गुरं राखणारा, गाणारा, आणि पंचक्रोशीत थापाड्या म्हणून प्रसिद्ध असलेला.

पुढची गोष्ट ओळखता येण्यासारखी आहे. प्रेम म्हणजे काय हे या बायकांना ठाऊक नाही, लाउरेआनो ते गाऊन समजावतो. गामा त्याच्या प्रेमात पडते. बेता रक्त पिणारी निघते, राक्षसांना हाताशी धरते आणि पृथ्वी जिंकायला निघते. लाउरेआनो गुत्त्यात धावत जाऊन लोकांना सांगतो की राक्षस आलेत. त्याच्यावर विश्वास कोण ठेवणार? जन्मभर थापा मारलेल्या माणसाच्या तोंडून पहिल्यांदा खरं निघतं आणि तेच सगळ्यात अशक्य वाटतं. हा प्रसंग मला या सिनेमाचा कणा वाटतो. बाकी राक्षसांची मारामारी, कागदी लगद्याचे मुखवटे, धूर, सगळं त्याच्याभोवती.

आणि यंत्रमानवाचं काय होतं? त्याचाही जीव जडतो, एका रोकोलावर. रोकोला म्हणजे नाणं टाकलं की तबकडी वाजवणारी ती पेटी. शेवटी तोर आणि रोकोला यानात बसून आकाशात निघून जातात.

कृष्णधवल, दीड तासाच्या आतला सिनेमा. त्यात काउबॉय आहे, अंतराळ आहे, भय आहे, गाणी आहेत. दिग्दर्शक रोखेलिओ ए. गोन्सालेस. हा काही हाताला लागेल ते चित्रित करणारा माणूस नव्हता. त्याच १९६० साली त्याचा ‘एल एस्केलेतो दे ला सेन्योरा मोरालेस’ आला. पेंढा भरून प्राणी टिकवणारा एक नवरा आणि त्याची जाच करणारी धर्मभोळी बायको यांची ती काळी विनोदिका मेक्सिकन सिनेमातल्या उत्तम कामांत गणली जाते. पेद्रो इन्फान्तेसारख्या सर्वांत लाडक्या नटाला घेऊन यशस्वी विनोदी चित्रपटही त्यानं आधी केले होते. म्हणजे राक्षसांचं यान हे कसलेल्या हाताचं काम आहे. संग्राहकांच्या बोलण्यात या सिनेमाला ‘इतका वाईट की मजा येते’ अशा टोपलीत टाकायची सवय आहे. ती मला चुकीची वाटते. मुखवटे स्वस्त आहेत हे खरं, पण प्रसंगांची जुळणी, गाण्यात शिरणं-निघणं, थापेचं खऱ्यात होणारं रूपांतर, हे सगळं जाणून केलेलं आहे.

काळही लक्षात घ्यावा लागतो. एप्रिल १९५७ मध्ये पेद्रो इन्फान्ते विमान अपघातात गेला आणि मेक्सिकन सिनेमाच्या सुवर्णकाळावर पडदा पडल्यासारखं झालं. त्याच सुमारास राजधानीतले मोठे स्टुडिओ एकामागोमाग बंद पडत होते. ऑक्टोबर १९५७ मध्ये स्पुत्निक हा पहिला कृत्रिम उपग्रह आकाशात गेला. निर्मात्यांपुढे पैसा कमी आणि प्रेक्षकांचं कुतूहल आकाशाकडे. निर्माता खेसूस सोतोमायोरनं या दोन्हींची सांगड घातली: लोकांना आवडणारा गाणारा विनोदी नट घ्यायचा आणि त्याच्या अंगणात यान उतरवायचं.

मिशीवाला गडी

दुसऱ्या कार्डावरचा माणूस म्हणजे एउलालिओ गोन्सालेस, सगळ्या मेक्सिकोचा ‘पिपोर्रो’. इथे मला थोडं थांबायचंय, कारण या प्रकरणाचा निकाल याच माणसावर ठरला.

पिपोर्रोचा जन्म १९२१ चा, नुएवो लेओन राज्यातल्या लोस एर्रेरास या गावचा. त्याच राज्यातल्या मोंतेरेय शहराच्या रेडिओवर त्याची कारकीर्द सुरू झाली. पुढे पेद्रो इन्फान्तेच्या रेडिओमालिकेत त्याला नायकाच्या म्हाताऱ्या साथीदाराचं काम मिळालं. त्या पात्राचं नाव पिपोर्रो, आणि तेच त्याला जन्मभर चिकटलं. १९५२ मध्ये त्याच मालिकेवरून सिनेमा आला, तेव्हाही म्हातारा तोच झाला. तो इन्फान्तेपेक्षा चार वर्षांनी लहान होता! पांढऱ्या मिशा लावून, पाठ वाकवून, पण मुळात आवाजाच्या जोरावर त्यानं ते वय उभं केलं.

मेक्सिकन ग्रामीण सिनेमाचा ठरलेला नायक म्हणजे हालिस्को राज्याकडचा, जरीचा पोशाख घातलेला घोडेस्वार. मागे मारियाची वादकांचा ताफा, तोंडात प्रतिष्ठेची भाषा. पिपोर्रो उत्तरेकडचा. त्याच्या मागे ॲकॉर्डियन आणि बाखो सेक्स्तो ही बारा तारांची भारी गिटार. अंगात झालरी लावलेला चामडी कोट. त्याची स्पॅनिश सीमेवरची, ठसक्याची, स्वर ओढून बोलायची, मध्येच इंग्रजी शब्द मोडून-तोडून घेणारी. त्याची गाणी ऐकली की गंमत कळते. कडवं चालू असताना तो मध्येच थांबतो, वादक वाजवत राहतात आणि हा बोलायला लागतो. गाण्यातल्या नायकाला सल्ला देतो, त्याच्याशी भांडतो, श्रोत्याला डोळा मारतो, आणि अचूक ठेक्यावर पुन्हा गाण्यात शिरतो. मग ती ‘आ-हूआ!’ अशी आरोळी.

तमाशातली बतावणी ज्यानं ऐकली आहे त्याला हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. गाणं आणि बोलणं यांच्यातली रेषा पुसून टाकायची, थाप इतकी फुगवायची की ती फुटायच्या बेताला यावी, आणि समोरच्यानं ‘मग काय झालं?’ विचारावं म्हणून नेमक्या जागी दम घ्यायचा. सोंगाड्याची ही विद्या चिवावाच्या माळावर आणि आपल्याकडच्या जत्रेत वेगवेगळी उगवली, पण झाड एकाच जातीचं.

त्याचा विनोद किती भाषेत रुतलेला होता याचं एक उदाहरण देतो. त्याचं एक गाणं आहे ‘नातालिओ रेयेस कोलास’. एक मेक्सिकन तरुण सीमा ओलांडून अमेरिकेत जातो आणि तिथल्या हवेत बदलतो. आता ते नाव सावकाश वाचा. नातालिओचं लघुरूप नॅट. रेयेस म्हणजे राजे, किंग. कोलास, कोल. नॅट किंग कोल! अमेरिकेतल्या त्या थोर गायकाचं नाव त्यानं एका गावठी मेक्सिकन पोराला देऊन टाकलं. सीमेपलीकडे जाऊन माणूस कसा भाषांतरित होतो, हे एका नावात सांगितलं. स्पॅनिश आणि इंग्रजी दोन्ही कानांत असल्याशिवाय हा विनोद कळत नाही, आणि सीमेवरच्या लाखो लोकांच्या कानांत त्या दोन्ही होत्या.

राक्षसांच्या यानात हाच माणूस आहे. अंतराळातल्या सुंदरी समोर उभ्या राहिल्या तरी त्याची बोली बदलत नाही. विश्व त्याच्या बोलीपर्यंत खाली येतं.

दोन बायका

पहिल्या कार्डाची चौपट किंमत ज्यांच्यामुळे होती त्या दोघींबद्दल.

गामा झालेली आना बेर्ता लेपे १९५३ ची मिस मेक्सिको. त्या वर्षीच्या विश्वसुंदरी स्पर्धेत ती चौथी आली आणि तिथून सिनेमात गेली. हा सिनेमा आला त्याच वर्षी, मे १९६० मध्ये, तिच्या वडिलांनी एका नाइटक्लबात तिच्या होणाऱ्या नवऱ्याला, आगुस्तिन दे आंदा या तरुण नटाला, गोळी घातली. तो एका वजनदार निर्मात्याचा मुलगा होता. वडील तुरुंगात गेले, पण शिक्षा तिनंही भोगली. पुढे कामं आटत गेली, वर्तमानपत्रांनी तिला सोडलं नाही. गामाचा मोकळा, कुतूहलानं भरलेला चेहरा बघताना मला हे विसरता येत नाही. कार्डाकडे ‘पोशाखातली सुंदरी’ म्हणून बघणाऱ्यानंही तिचं नाव आणि तिची गोष्ट माहीत करून घ्यावी असं मला मनापासून वाटतं. ती २०१३ मध्ये गेली.

बेता झालेल्या लोरेना वेलास्केसची वाट वेगळी निघाली. दोन वर्षांनी मुखवट्याचा कुस्तीगीर सांतो याच्या ‘सांतो कोन्त्रा लास मुखेरेस वाम्पिरो’ या सिनेमात ती रक्तपिपासू स्त्रियांची राणी झाली आणि जगभरच्या भयपटप्रेमींच्या ओळखीची झाली. तो सिनेमा इंग्रजीत भाषांतरित होऊन अमेरिकेत गेला. त्यामुळे आज मागे वळून बघणाऱ्याला बेता ही त्या राणीची पहिली चाहूल वाटते. एप्रिल २०२४ मध्ये ती गेली.

कागद बोलतो

आता कार्डांकडे. भाच्याला मी आधी मोजायची टेप काढायला लावली.

अमेरिकन लॉबी कार्ड ११ × १४ इंचांचं असतं. मेक्सिकन कार्ड त्याहून मोठं, साधारण साडेसोळा × साडेबारा इंच. त्याची रचनाही निराळी. अमेरिकन कार्डावर बहुतेक वेळा दृश्यच बरीचशी जागा व्यापतं. मेक्सिकन कार्डाला मात्र रंगीत चितारलेली चौकट असते, त्यात सिनेमाचं नाव, नटांचे चेहरे, आणि मध्ये किंवा कडेला एक खिडकी. त्या खिडकीत दृश्याचा फोटो. एका सिनेमाच्या संचात सगळ्या कार्डांची चौकट तीच राहते, खिडकीतला फोटो तेवढा बदलतो. छापखान्याला एकदाच रंगकाम करावं लागायचं, आणि थिएटरवाल्याला आठ वेगळी कार्डं मिळायची. गरिबीतून निघालेली ही युक्ती, पण तिच्यामुळे मेक्सिकन कार्ड एकाच वेळी पोस्टरही झालं आणि फोटोही. जमवणाऱ्यांना त्याची ओढ लागते ती यामुळेच.

भाच्यानं मापं घेतली. गुत्त्याचं कार्ड मापात बसलं. यंत्रमानवाचं कार्ड निघालं ११ × १७, आणि अमेरिकेत रंगीत छपाईच्या दुकानात मिळणाऱ्या मोठ्या कागदाचं माप तेच आहे. शंका आली, पण नुसत्या मापावर निकाल देऊ नये. कडा छाटलेल्या असू शकतात.

“कोपऱ्यात टाचणीची भोकं दिसतायत?” मी विचारलं.

“दोन्हींवर आहेत.”

“त्यावरून बोट फिरव.”

थोडा वेळ शांतता. मग तो म्हणाला, “मामा, एकावर भोकं आहेत. दुसऱ्यावर भोकांचा फोटो आहे.”

याहून चांगला पुरावा मागायची गरज नव्हती. मूळ कार्डाचं स्कॅन करून छापलं की त्याच्या घड्या, डाग, गंज, भोकं, सगळं चित्र म्हणून छापलं जातं. डोळ्याला जुनं दिसतं, बोटाला गुळगुळीत लागतं. तरी आणखी दोन गोष्टी केल्या. त्याच्या खिशात घड्याळजीचं छोटं भिंग होतं. त्या काळच्या ऑफसेट छपाईत भिंगाखाली ठिपक्यांची शिस्तशीर जाळी दिसते, गुलाबाच्या पाकळ्यांसारखी रचना. घरगुती किंवा दुकानी इंकजेटमध्ये शाईचे बारीक फवारे विखुरलेले असतात. गुत्त्याच्या कार्डावर जाळी होती, यंत्रमानवाच्या कार्डावर फवारे. शिवाय त्या फवाऱ्यांच्या तळाशी मूळ जाळीची अस्पष्ट छापही दिसत होती, कारण स्कॅननं तीही उचलली होती. शेजारच्या गाळेवाल्याकडे नोटा तपासायचा जांभळा दिवा होता. पूर्वीच्या कागदात पांढरेपणासाठी चकाकी आणणारी रसायनं सहसा नसत. त्या दिव्याखाली गुत्त्याचं कार्ड मंद राहिलं, दुसरं निळसर उजळलं.

चौपट किमतीचं कार्ड नक्कल होतं. गाळ्यावरच्या बाईंना ते ठाऊक नव्हतं. त्यांनी ते एका मोठ्या गठ्ठ्यातून घेतलं होतं, आणि लोक जे मागतात त्याची किंमत जास्त लावायची या साध्या हिशेबानं लावली होती. भाच्यानं त्यांना भिंग देऊन दाखवलं तेव्हा त्यांनी ते कार्ड बाजूला काढून ठेवलं, किमतीची चिठ्ठी फाडली. हे मुद्दाम नोंदवतो.

कोण काय जमवतं?

नक्कल यंत्रमानवाचीच का झाली? ज्याची मागणी त्याचीच नक्कल होते, हे उघड आहे. पण या सिनेमाच्या बाबतीत मागणीची घडण समजून घेण्यासारखी आहे.

या एका सिनेमाच्या कागदाकडे चार वेगवेगळ्या वाटांनी लोक येतात. एक, यंत्रमानव जमवणारे. त्यांना जगात कुठल्याही भाषेतला, पन्नास-साठच्या दशकातला पत्र्याचा माणूस हवा असतो. दोन, राक्षस आणि भयपटांचे चाहते. तीन, लोरेना वेलास्केसच्या मागावर असलेले, म्हणजे सांतोच्या सिनेमांतून इकडे आलेले. चौथे पिपोर्रोचे. मोंतेरेयपासून टेक्सासपर्यंत पसरलेली कुटुंबं, ज्यांच्या घरात त्याची गाणी वाजत होती. पहिल्या तिघांना स्पॅनिश यावी लागत नाही. कागदावर जे दिसतं ते त्यांना पुरेसं आहे. चौथ्याला जे हवंय ते कागदावर उतरतच नाही.

म्हणून किंमत पहिले तिघं ठरवतात. एकाच कार्डावर तिघांच्या आवडीचं असलं की भाव चढतो. गुत्त्यात हात हवेत केलेला माणूस मात्र स्वस्तात पडून राहतो, कारण तो काय बोलतोय हे चित्रातून ऐकू येत नाही.

मला हा बाजाराचा दोष वाटत नाही. या तिघांमुळेच हा कागद वाचला आहे हे मान्य करायला हवं. मेक्सिकोची सिनेतेका नासिओनाल, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट संग्रह, मार्च १९८२ मध्ये आगीत जळाली आणि हजारो चित्रपटांच्या प्रती गेल्या. पुण्यात जानेवारी २००३ मध्ये चटकन पेट घेणाऱ्या जुन्या नायट्रेट रिळांना लागलेल्या आगीत आपल्या सिनेमाचा आरंभकाळ जळाला, त्यामुळे ही बातमी वाचताना आपल्याला काय वाटतं हे वेगळं सांगायला नको. अशा नुकसानीनंतर बाहेर, घरांत, गोदामांत राहिलेल्या कागदाचं मोल वाढतं. लोकप्रिय, स्वस्त, हसवणाऱ्या सिनेमांकडे समीक्षकांनी आणि संस्थांनी बराच काळ पाठ फिरवली होती. ते जपले खासगी माणसांनी. टेक्सासमध्ये, सीमेला खेटून असलेल्या हार्लिंजन गावात आग्रासान्चेस कुटुंबानं मेक्सिकन सिनेमाची पोस्टरं, कार्डं आणि फोटो यांचा प्रचंड संग्रह उभा केला. मेक्सिकोतल्या तेपोस्त्लानमध्ये विवियाना गार्सिया बेस्ने यांनी आपल्या निर्माता घराण्याच्या सिनेमांपासून ‘पेर्मानेन्सिया वोलुंतारिया’ हा लोकप्रिय सिनेमाचा संग्रह जपला. त्यांच्या प्रयत्नांतून दुरुस्त झालेला सांतोचा पहिल्या काळातला एक सिनेमा २०१८ मध्ये बर्लिनच्या महोत्सवात दाखवला गेला.

आणि कागद टेक्सासमध्ये कसा, हेही यातच आलं. चाळीस-पन्नासच्या दशकांत अमेरिकेच्या नैर्ऋत्येत स्पॅनिश सिनेमे लावणारी शेकडो थिएटरं होती. रिळांच्या पेट्यांबरोबर कार्डांची पाकिटं गावोगाव फिरायची. थिएटरं बंद पडली, पाकिटं तळघरात राहिली. ज्या गावात स्थलांतरित शेतमजूर आठवड्याच्या शेवटी पिपोर्रोला ऐकायला जात, त्याच गावांतून आज हा कागद निघतो.

हसू काढून घेतलं तर?

विनोद भाषेत असला आणि बाजार चित्रात, तर काय होऊ शकतं याचं एक टोकाचं उदाहरण त्याच काळातल्या दुसऱ्या एका मेक्सिकन सिनेमात आहे. ‘ला कासा देल तेर्रोर’ या १९६० च्या सिनेमात नायक होता तिन तान, पिपोर्रोसारखाच सीमेवरच्या भाषेतून वर आलेला महान विनोदी नट. त्याच्यासमोर हॉलिवूडचा लॉन चेनी ज्युनिअर, ममी आणि लांडगामानव अशा दुहेरी रूपात. अमेरिकेत जेरी वॉरन या निर्मात्यानं तो विकत घेतला, दुसऱ्या एका मेक्सिकन ममीपटाशी कापून जोडला आणि १९६४ मध्ये भयपट म्हणून लावला. तिन तान जवळजवळ सगळा कापला गेला. विनोदी सिनेमातून विनोदी माणूसच गेला आणि लांडगा राहिला. त्या प्रतीत सिनेमाला अर्थ राहिला नाही.

राक्षसांच्या यानाचं तसं झालं नाही. सिनेमा अख्खा आहे, पिपोर्रो त्यात अख्खा आहे. पण कार्डांच्या बाजारात तीच कात्री अदृश्यपणे चालते. यंत्रमानव नकलेसकट चौपट किमतीला, आणि ज्याच्यामुळे तो सिनेमा उभा राहतो तो माणूस गठ्ठ्याच्या तळाशी.

“दुसरं घे,” मी भाच्याला सांगितलं. “आणि घासाघीस करू नकोस.”

पुढची व्यवस्था सोपी होती. कार्डाला पारदर्शक चिकटपट्टी लावायची नाही, लॅमिनेशन तर अजिबात नाही. आम्लरहित पुठ्ठा मागे, पॉलिएस्टरचं पाकीट वरून, आणि भिंतीवर लावायचंच असेल तर ऊन पोचणार नाही अशा भिंतीवर. टाचणीची भोकं बुजवायची नाहीत. ती कुठल्या तरी थिएटरच्या दर्शनी भागाची आठवण आहे. मागच्या बाजूला एक पुसट शिक्का आणि पेन्सिलीनं लिहिलेला आकडा होता. तोही तसाच ठेवायला सांगितला.

काही आठवड्यांनी त्यानं सिनेमा पाहिला. माझी बहीण तेव्हा त्याच्याकडे गेलेली होती. तीही बसली. तिला स्पॅनिश येत नाही, इंग्रजी उपशीर्षकं वाचायला चष्मा लागतो. तरी गुत्त्याच्या प्रसंगात ती मोठ्यानं हसली आणि म्हणाली, “अरे, हा तर आपल्या जत्रेतला सोंगाड्या!” पुढे मात्र तिला राहून राहून वाटायला लागलं की वाचून होईपर्यंत काहीतरी निघून जातंय. “तो आत्ता काय म्हणाला? नुसतं हे नाही म्हणाला तो.” दर दोन मिनिटांनी ती सिनेमा थांबवायला लावत होती.

भाच्याच्या ऑफिसात मोंतेरेयकडचा एक सहकारी आहे. जेवण झालं की आता दोघं दहा-दहा मिनिटं तो सिनेमा बघतात. पिपोर्रोची वाक्यं सहकारी सावकाश म्हणून दाखवतो, त्यातला उत्तरेकडचा शब्द कुठला, मोडलेला इंग्रजी शब्द कुठला, आवाज कुठे ओढला आहे हे सांगतो. भाचा ते देवनागरीत उतरवतो आणि खाली मराठीत अर्थ लिहितो, आईसाठी. चाळीसेक पानं झालीत. मी त्याला सांगितलंय की ती वही कार्डाच्या पाकिटाला लागूनच ठेव, आणि कधी हे कार्ड दुसऱ्या कुणाला दिलंस तर वहीही दे.